कॉलेजचा फुटबॉल टाइमपास, तर मग सेंट लुईसचं काय करायचं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कॉलेज आणि विद्यापीठाच्या फुटबॉलवर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात, प्लेयर घडतो तो क्लबात नाहीतर अकादमीत, कॉलेजात पोरं खेळतात ती स्पोर्ट्सचे मार्क पदरात पडावेत म्हणून, आणि जगात कुठेच विद्यापीठाच्या टीमने फुटबॉलचं काही भलं केलेलं नाही. बाकीचं मी एकवेळ सोडून दिलं असतं, मार्कांचं तर थोडंफार खरंच आहे, पण शेवटचं वाचून काही राहवेना. जगात कुठेच नाही म्हणायच्या आधी माणसाने जरा इकडेतिकडे बघावं की नाही?

म्हणून हे पत्र. लांबलंय, माहीत आहे मला. कात्री लावायची तर लावा, फक्त पाद्रींच्या भागावर आणि शेवटच्या मागणीवर लावू नका.

अमेरिकेत मिसूरी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठाला सेंट लुईस नावाचं शहर आहे, तिथली सेंट लुईस युनिव्हर्सिटी १८१८ साली सुरू झाली, जेझुइट पाद्रींची. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. तिने पुरुषांच्या फुटबॉलची, म्हणजे तिकडे ज्याला सॉकर म्हणतात त्याची, राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा ठेवली १९५९ मध्ये. जिंकलं कोण, तर सेंट लुईस, फायनलला ब्रिजपोर्टला ५-२ ने हरवून. विद्यापीठाची अधिकृत टीम म्हणून त्यांचा तो पहिलाच सीझन होता बरं का. मग १९६० ला परत जिंकले, १९६२ ला, १९६३ ला, १९६५, १९६७, १९६९, १९७०, १९७२, १९७३. पंधरा सीझनमध्ये दहा वेळा चॅम्पियन. १९६१, १९७१ आणि १९७४ ला फायनल हरले ते धरलं तर सोळा सीझनमध्ये तेरा फायनल होतात. अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज फुटबॉलमध्ये दहा जेतेपदांचा हा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही, इंडियाना विद्यापीठ आठवर आहे.

ह्यातलं १९६७ चं जेतेपद अर्धंच म्हणायचं. फायनल मिशिगन स्टेटशी, ०-० असताना हवा इतकी बिघडली की मॅच थांबवावी लागली आणि दोघांनाही विजेते जाहीर केलं. आमच्याकडे जूनमध्ये मॅच ठेवली की काय होतं ते गोव्यातल्या बार्देस-डिचोलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा असा की हे झालं कसं. गृहस्थांना वाटेल अमेरिका म्हणजे पैसा, पैसा म्हणजे ग्राऊंड, जिम, परदेशी कोच. तसं काही नव्हतं. ह्याच विद्यापीठाने त्यांचा तो अंडाकृती बॉलचा अमेरिकन फुटबॉल १९४९ च्या सीझननंतर बंद करून टाकला होता, आणि तोही कोणी, तर १९०६ साली त्या खेळातला पहिला कायदेशीर फॉरवर्ड पास ज्यांनी टाकला त्या विद्यापीठाने. म्हणजे ज्या खेळात नाव होतं तो सोडला आणि दहा वर्षांनी जो खेळ बाकीच्या अमेरिकेला धड माहीतही नव्हता त्यात राजे झाले.

त्यामागे एक माणूस होता, बॉब गेलकर. हा माणूस विद्यापीठात यायच्या आधी आणि नंतरही शहरातल्या कॅथलिक युथ कौन्सिलचं फुटबॉलचं काम बघायचा. सेंट लुईसमध्ये प्रत्येक पॅरिशची, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक इगर्जीची, चर्चची म्हणा, पोरांची टीम असायची, लहान वयापासून, आणि ह्या टीमांची आपापसात लीग चालायची, सबंध शहरभर. जर्मन, आयरिश, इटालियन, स्पॅनिश अशी नाना देशांतून आलेली कुटुंबं, त्यांनी आपापल्या गल्लीत हा खेळ जिवंत ठेवलेला. गेलकरला हे सगळं तोंडपाठ, कुठल्या पॅरिशचा कुठला पोरगा कुठल्या पायाने मारतो ते. त्यामुळे विद्यापीठाची टीम करायची वेळ आली तेव्हा त्याला कुठे शोधत फिरावं लागलं नाही, शहरातलीच पोरं, घरून बसने येणारी, लहानपणापासून एकमेकांच्या विरुद्ध खेळलेली, ती त्याने एका जर्सीत आणली. त्या सगळ्या जेतेपदांच्या काळात टीम जवळपास पूर्ण सेंट लुईस आणि आसपासची होती. गेलकरने पाच जेतेपदं दिली, १९५९ ते १९६५ च्या दरम्यान.

आता मला सांगा, हे वाचून गोवेकराला काही आठवतं की नाही? गोव्यात फुटबॉल आला १८८३ साली, शिवोलीला, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीबरोबर. पुढे तो हडफड्याच्या शाळेत गेला, तिथून सेमिनरीत आणि इगर्जींच्या पटांगणात, आणि तिथून वाड्यावाड्यावर. पाद्रीने आणलेला, इगर्जीच्या आवारात वाढलेला, भात कापलं की शेतात चुन्याच्या लाइनी मारून खेळला जाणारा हा खेळ नंतर एकट्या ख्रिश्चनांचा राहिला नाही, आमच्या डिचोलीत, फोंड्यात, पेडण्यातही तितकाच. डेंपो ह्या गोव्याच्या मोठ्या क्लबाचं मूळ कुठे आहे विचारा, आमच्या डिचोलीच्याच क्लबात आहे, साठच्या दशकात डेंपोंनी तो घेतला आणि नाव बदललं. म्हणजे सेंट लुईसकडे जो कच्चा माल होता तो आमच्याकडेही जुना आणि भरपूर. फरक पुढे पडला, त्याच्यावर येतो.

गेलकरनंतर १९६७ ला कोच झाला हॅरी किओ. हा माणूस मला फार आवडतो. पोटासाठी नोकरी पोस्ट खात्यात, आणि संध्याकाळी विद्यापीठाच्या टीमचा कोच. स्वतः खेळला तो सेंट लुईसच्याच क्लबांत, त्यातला एक कुटिस, ज्याचा स्पॉन्सर कोण तर अंत्यविधीचं सामान-सोय करणारी कंपनी! १९५७ ला त्या क्लबाने अमेरिकेचा नॅशनल ओपन कप जिंकला. आणि त्याच्याही आधी, २९ जून १९५० ला, ब्राझीलमध्ये बेलो होरिझोन्ते इथे वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं त्या मॅचला हा किओ डिफेन्समध्ये होता. फुटबॉलच्या इतिहासात ह्याहून मोठा धक्का शोधून सापडायचा नाही. समोर बिली राइट, टॉम फिनी, मॉर्टेनसन, आल्फ रॅमसी, आणि इकडे एक शाळामास्तर, एक शववाहिका चालवणारा गोलकीपर आणि एक पोस्टातला माणूस. गोल मारला जो गेटजेन्सने, तो हैतीचा. त्या अकरांत पाच जण सेंट लुईसचे होते. पाच!

(त्याच वर्ल्ड कपला आपला भारत पात्र ठरला होता, ग्रुपही ठरला होता, स्वीडन, इटली आणि पराग्वेबरोबर, आणि आपण गेलोच नाही. बुटांची गोष्ट, म्हणजे अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेलो नाही ही, सगळ्यांना माहीत आहे, ती किती खरी त्याच्यावर वाद आहेत, पण गेलो नाही हे खरं.)

तर हा किओ १९८२ पर्यंत कोच होता आणि त्यानेही पाच जेतेपदं दिली, अर्धं धरून. त्याच्या हाताखाली खेळलेला ऑल ट्रॉस्ट, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षं हर्मन ट्रॉफी घेऊन गेला, ही ट्रॉफी तिकडे कॉलेजच्या सगळ्यात चांगल्या प्लेयरला मिळते. हाच ट्रॉस्ट १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला अमेरिकेच्या टीममध्ये होता आणि त्या टीमचा कोच कोण, तर आपला जुना गेलकर. तिथे काही दिवे लावले नाहीत त्यांनी, मोरोक्कोशी ०-० आणि पश्चिम जर्मनीकडून सात गोल खाल्ले, पण एका शहराची पॅरिश लीग देशाच्या ऑलिम्पिक टीमपर्यंत जाऊन पोचली ना, ते बघा.

आणि गेलकरने मधल्या काळात काय केलं होतं? नदी ओलांडली. पलीकडे इलिनॉय राज्यात एडवर्ड्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठात जाऊन शून्यातून दुसरी टीम उभी केली आणि १९७९ ला तीही राष्ट्रीय चॅम्पियन. मग ह्या दोघांची आपापसात दरवर्षी मॅच, तिचं बक्षीस म्हणजे ब्राँझचा एक बूट. १९८० ला ही मॅच शहरातल्या मोठ्या बुश स्टेडियममध्ये झाली तर बावीस हजारांच्या वर माणसं बघायला! कॉलेजची मॅच, तीही साध्या सीझनमधली. आमच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आजकाल डर्बी असली तरी एवढी माणसं जमवताना घाम फुटतो.

पण मी काही सेंट लुईसची आरती ओवाळायला बसलो नाहीये. ह्या इतिहासात एक असं पान आहे की ते सोडून बाकीचं सांगितलं तर ती फसवणूक होईल. १९७१ ची फायनल, मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम, समोर हॉवर्ड विद्यापीठ, वॉशिंग्टनमधलं, कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ. कोच लिंकन फिलिप्स, त्रिनिदादचा, स्वतः गोलकीपर राहिलेला, आणि टीममध्ये कॅरिबियन आणि आफ्रिकेतून शिकायला आलेली पोरं. सेंट लुईस हरलं, ३-२. आणि मग एनसीएएने हॉवर्डची चौकशी लावली, काही परदेशी प्लेयर नियमात बसत नाहीत म्हणून जेतेपद काढून घेतलं. कागदावर आजही १९७१ ला चॅम्पियन कोणी नाही. हॉवर्डवाल्यांनी तेव्हाही म्हटलं आणि नंतरही की आमच्या रंगामुळे आमच्यावर जास्त बारीक नजर होती, आणि १९७१ ची अमेरिका बघितली तर त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.

तीन वर्षांनी, १९७४ ला, परत तेच दोघं फायनलला, आणि ह्यावेळी मॅच सेंट लुईसच्याच शहरात, त्यांच्याच लोकांसमोर. हॉवर्ड सबंध सीझनमध्ये एकही मॅच हरलेलं नव्हतं. नव्वद मिनिटांनंतर १-१, मग एक्स्ट्रा टाइम, मग अजून, मग अजून. चौथ्या एक्स्ट्रा टाइममध्ये केनेथ इलोडिग्वेने गोल मारला आणि २-१. ह्यावेळी कोणी ते काढून घेऊ शकलं नाही. सेंट लुईसच्या इतिहासात हा पराभव आहे, पण मला विचाराल तर त्या सोळा वर्षांतली सगळ्यात मोठी मॅच हीच, आणि गंमत म्हणजे तिच्यानंतर सेंट लुईस परत कधी फायनलला पोचलंच नाही. १९७३ चं जेतेपद ते शेवटचं.

का थांबले? माझं मत सांगतो. त्यांची ताकद होती आपल्याच शहरातली पोरं, आणि जोवर बाकीच्या अमेरिकेत हा खेळ कोणी मनावर घेत नव्हतं तोवर ते पुरलं. मग हॉवर्डसारख्यांनी दाखवून दिलं की चांगला प्लेयर कुठूनही आणता येतो, इंडियाना, व्हर्जिनिया, यूसीएलए अशा मोठ्या विद्यापीठांनी स्कॉलरशिप ठेवून देशभरातून पोरं उचलली, खेळ उपनगरांत पसरला, आणि सेंट लुईसची पोरंसुद्धा बाहेर जायला लागली. एका शहराच्या विहिरीतून किती वर्षं पाणी काढणार.

तरी विहीर आटली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायन मॅकब्राइड तिथे शिकला आणि खेळला, जो पुढे १९९८ आणि २००२ अशा दोन वर्ल्ड कपमध्ये गोल मारणारा पहिला अमेरिकन झाला. टिम रीम तिथलाच, सेंट लुईसचा पोरगा, विद्यापीठाची चार वर्षं पूर्ण खेळला आणि मग प्रोफेशनल, २०२२ च्या वर्ल्ड कपला अमेरिकेच्या डिफेन्सला तो होता, वय तेव्हा पस्तीस. आणि हे दोघंही इंग्लंडमध्ये फुलहॅमला खेळले हा एक योगायोग. तिसरं नाव वेदाद इबिसेविच. बोस्नियाच्या युद्धानंतर त्याचं कुटुंब सेंट लुईसला आलं, तिथे बोस्नियन लोकांची मोठी वस्ती आहे, हा तिथल्या साध्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकला, २००३ ला विद्यापीठाकडून एक सीझन खेळला आणि पुढच्या वर्षी पॅरिस सां जर्मां. २०१४ च्या वर्ल्ड कपला माराकानावर अर्जेंटिनाविरुद्ध बोस्नियाचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल ह्याचा. आता त्या गृहस्थांनी सांगावं की विद्यापीठाच्या टीमने फुटबॉलचं काय भलं केलं.

आता गोव्याकडे.

गोव्यात कॉलेजं सुरू झाली मुक्तीनंतर, १९६२ ला पणजीत धेंपे आणि मडगावला चौगुले, मग म्हापसा वगैरे. पण विद्यापीठ आपलं नव्हतं, सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे आमच्या पोराला विद्यापीठाच्या जर्सीत खेळायचं तर आधी मुंबईच्या निवडीत टिकायला पाहिजे. गोवा विद्यापीठ आलं १९८५ च्या जूनमध्ये. म्हणजे ज्या वर्षांत गोव्याने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमांची राष्ट्रीय स्पर्धा, मारली, १९८३ ला बंगालबरोबर वाटून आणि १९८४ ला एकट्याने, ब्रह्मानंद संखवाळकर गोलमध्ये उभे होते त्या दिवसांत गोव्याला स्वतःचं विद्यापीठसुद्धा नव्हतं. हे विसरून आपण म्हणतो की विद्यापीठाने काय केलं.

दुसरी गोष्ट, गोव्यात चांगल्या प्लेयरला कॉलेज पूर्ण करायचं काही कारणच नव्हतं. साळगावकर, डेंपो, सेसा ह्या खाणवाल्यांच्या टीमा, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पगार, वर नोकरीची हमी, घरात बाप खूश. त्याने का म्हणून दुपारी लेक्चर करून संध्याकाळी कॉलेजसाठी खेळावं? सेंट लुईसच्या पोराला त्या काळात अमेरिकेत धड प्रोफेशनल लीगच नव्हती, त्याच्यासाठी विद्यापीठ हीच वरची पायरी. आमच्याकडे क्लब ही वरची पायरी आणि कॉलेज बाजूला. त्यात चूक कुणाचीच नाही. त्या क्लबांनी गोव्याला देशभर नाव दिलं, डेंपोने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली, साळगावकर आणि चर्चिल दोन-दोनदा, ह्याला तोड नाही.

पण ते दिवस गेले ना साहेब. २०१२ ला खाणी बंद पडल्या. २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपोने आय-लीग सोडली. आज वरच्या लीगमध्ये गोव्याची एफसी गोवा, तिथे गोव्याचे म्हणून किती पोरं दरवर्षी आत जाणार? बाकीच्या पोरांनी काय करायचं? वीस वर्षांचा पोरगा, वाड्यावरच्या टुर्नामेंटमध्ये चांगला खेळतो, कॅश प्राइजवर इकडून तिकडे फिरतो, ह्या गावासाठी शनिवारी आणि त्या गावासाठी रविवारी, आणि पंचविशी आली की गुडघा गेलेला आणि हातात बारावीचं सर्टिफिकेट. अशी पोरं मी आमच्या बाजूला बघतो, नाव घेत नाही. ह्याच पोरांना कॉलेज धरून ठेवू शकतं. डिग्री होते, चार वर्षं नीट कोचिंग मिळतं, विद्यापीठांच्या वेस्ट झोन स्पर्धेला जाऊन राजस्थान-गुजरात-महाराष्ट्राच्या टीमांशी खेळायला मिळतं, झोनमधून पुढे गेलात तर ऑल इंडियाला केरळ, बंगाल, पंजाबच्या विद्यापीठांशी गाठ पडते, शिवाय २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स आहेत. एवढं सगळं असताना टाइमपास?

तर आमच्याकडे अडतंय कुठे, असं विचाराल तर मधला दुवा. गेलकरसारखा माणूस, ज्याला वाड्यावरचा पोरगाही माहीत आणि विद्यापीठाचं ऑफिसही माहीत. गावातल्या टुर्नामेंटला कॉलेजचा फिजिकलचा मास्तर पोरं बघायला आलाय असं मी तरी क्वचितच पाहिलं. उलट ॲडमिशनच्या वेळी जे समोर येतील त्यातून ट्रायल, पंधरा दिवस प्रॅक्टिस, इंटर-कॉलेज, मग युनिव्हर्सिटी सिलेक्शन, कॅम्प, आणि ट्रेन. सांगा, ह्याच्यात टीम कधी व्हायची? सेंट लुईसची पोरं दहा-दहा वर्षं एकमेकांना ओळखून मग एका टीममध्ये आली होती.

आणि दुसरं अडतंय ते आठवणीत, आणि ह्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो. सेंट लुईसच्या त्या टीमचं काहीही विचारा, कुठल्या वर्षी किती मॅचेस, कोण जिंकलं, कोण कॅप्टन, गोल कोणाचे, सगळं रेकॉर्ड बुकात लिहिलेलं आहे. १९५९ पासूनचं. त्यामुळे मी इथे डिचोलीत बसून तुम्हाला त्यांच्या फायनलचा स्कोअर सांगू शकतो. आणि आपलं?

मी एका कॉलेजात कामानिमित्त गेलो होतो, नाव सांगत नाही, ऑफिसच्या बाहेर पॅसेजमध्ये एक टीम फोटो होता, १९८६-८७ चा. वर्ष कळलं कारण खाली मांडी घालून बसलेल्या दोघांच्या मध्ये बॉल आणि त्या बॉलवर पांढऱ्या रंगाने वर्ष लिहिलेलं, तशी पद्धतच होती. गोलकीपरच्या हातात लोकरीचे हातमोजे. मागे उभे राहिलेल्यांत एकाच्या पायात वेगळ्याच रंगाचे स्टॉकिंग, दुसऱ्या कुणाचे तरी घातलेले असणार. खाली नावांची टाइप केलेली पट्टी, तिचा डावीकडचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला आणि उरलेला पावसाच्या ओलीने काचेला चिकटलेला, काच काढली तर नावंही निघून येतील अशी गत. मी तिथल्या माणसाला विचारलं हे कोण, तर म्हणाला फुटबॉल टीम. ते मलाही दिसत होतं!

त्यातला एक चेहरा मला ओळखीचा होता, म्हापशाला बाजारात भेटणारा. म्हणजे बघा, गोवा विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या टीममध्ये जी पोरं होती ती आज साठीच्या आसपास असतील. जिवंत आहेत, आसपासच आहेत, कोण बँकेतून रिटायर झाला, कोण बोटीवरून परत आला, कोण नातवंडांना ग्राऊंडवर सोडायला जातो. हॅरी किओ २०१२ ला वारला, पण त्याच्या आधी लोकांनी त्याच्याकडून १९५० ची मॅच शंभरदा ऐकून लिहून ठेवली होती. आपल्याकडे पहिली वेस्ट झोनची ट्रिप कुठे होती, कोण कॅप्टन, ट्रेनमध्ये रिझर्वेशन होतं की दरवाजात बसून गेले, पहिला गोल कुणाचा, हे सगळं ह्या माणसांच्या डोक्यात आहे आणि अजून दहा-पंधरा वर्षांनी विचारायला गेलात तर निम्मे भेटायचे नाहीत. आणि सगळा इतिहास चाळीस वर्षांचा, दोनशे वर्षांचा नाही की कोणी पीएचडीच करावी लागेल. एक मराठीचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी, एक मोबाइल आणि दोन सुट्ट्या, ह्यात काम होण्यासारखं आहे.

तुमच्या वर्तमानपत्राचाही ह्यात वाटा आहे, रागावू नका. चॅम्पियन्स लीगला तुम्ही अर्धं पान देता, एमबाप्पेच्या पायाला काय झालं ते रोज कळतं, पण इंटर-कॉलेज फायनलचा स्कोअर कधी चार ओळींत, कधी तोही नाही, आणि असला तर गोल कोणी मारले ते नाही. उद्या कोणी इतिहास लिहायला बसला तर तो तुमच्याच जुन्या अंकांच्या फायली चाळणार आहे, त्याला तिथे एमबाप्पेच सापडणार. स्कोअर, गोल करणाऱ्याचं नाव, त्याचं गाव. एवढंच द्या, ओळी वाढवायची गरज नाही. गाव मात्र द्याच, आमच्याकडे माणूस गावावरूनच ओळखला जातो, आणि एकदा गाव छापून आलं की तिथला क्लब दुसऱ्या दिवशी अंक कापून ऑफिसात चिकटवतो, म्हणजे तुमचा खपही वाढेल.

विद्यापीठाच्या टीमसाठी माझं मागणं फार मोठं नाही. कॉलेजच्या फिजिकलच्या मास्तरांनी डिसेंबर ते मे मधल्या गावच्या टुर्नामेंट बघाव्यात, आणि बारावीतल्या पोराला ॲडमिशनच्या आधी जाऊन भेटावं, त्याच्या आईबापाशी बोलावं. गावच्या क्लबांनीही शिकणाऱ्या पोराला परीक्षेच्या वेळी आणि युनिव्हर्सिटी कॅम्पच्या वेळी सोडावं, "आमची सेमी आहे" म्हणून अडवू नये. अडवतात, मला माहीत आहे, आम्हीच अडवायचो.

आणि तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या क्रीडा विभागाचा व्हॉट्सॅप नंबर छापा आणि लोकांना सांगा की ज्यांच्याकडे कॉलेजच्या किंवा गोवा विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचे जुने फोटो, कात्रणं, सर्टिफिकेटं आहेत त्यांनी पाठवावीत, मुंबई विद्यापीठाच्या काळातलीसुद्धा. दर रविवारी एक फोटो छापा, नावांसकट, नावं अर्धी असली तर उरलेली वाचकच भरतील, गोव्यात चार माणसांच्या पलीकडे अनोळखी कोणी नसतो. फोटो पाठवणाऱ्यांना एवढं सांगा की मागची बाजूही काढून पाठवा, नावं बहुतेक तिथे पेनाने लिहिलेली असतात, आणि फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच काढा.

कळावे,
एक जुना लेफ्ट बॅक
डिचोली